एकेचाळीस रिकाम्या जागा

क्लातेन, १५ एप्रिल २०२४

प्रिय वालुयोदादा,
सप्रेम नमस्कार.

घराण्याचं पुस्तक अजून छापलेलं नाही. छापखान्याच्या वास्कितोंनी आज सकाळीच तसं सांगितलं. त्यांना दुरुस्त फाइल शनिवारी दुपारपर्यंत हवी. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र सुमिनीमावशीबरोबर सेमारांगला पाठवतेय. बाबा बरे आहेत. ईदच्या केतुपातांचा भात यंदा पानातच गिच्च झाला, तेही माझ्याच माथी.

फाइलमधून तुझं नाव काढायचं होतं. तीनशे पानं कोण चाळणार? चार ओळींचा कोड लिहिला: 'वालुयो' शोध, त्या जागी काहीच ठेवू नको. आणि प्रत न ठेवता जुन्या फाइलवरच सेव्ह केलं. नवशिक्यांना मी याचसाठी दहा वर्षं ओरडतेय!

बाबा तपासायला बसले.

"वेनिंग, विहीर कोणी खणली?"

"लिहिलंय की, बाबा."

"काय लिहिलंय? 'विहीर खणणारा', पुढे नुसतं टिंब. टिंबाने खणली? आणि आजोबांच्या जनाज्याला खांदा तिघांनीच दिला?"

"कोड चुकला असेल."

"मग कोडला सांग, चौथा आणून दे!"

एकेचाळीस ठिकाणी, दादा. कुठे कुठे शिरून बसला होतास रे?

कोड चुकला नव्हता. बाबांनीही नाव काढायला सांगितलं नव्हतं. आई गेल्याच्या हजाराव्या दिवसाच्या विधीला तू आला नाहीस, "वालुयो कुठाय?" असं जो तो मलाच विचारत होता, आणि मी भांडी घासत थापा मारत होते. तो राग मी फाइलवर काढला.

चाळीस जागा हाताने भरल्या. उरलेली एक आईच्या वहीतून पुस्तकात घेतलेल्या ओळीत आहे. तू तीन वर्षांचा होतास, ताप हटत नव्हता. गुंतुर हे भारी नाव पोराला पेलत नाही, असं सगळे म्हणाले. मग आईने लाल-पांढरी खीर वाटून तुझं नाव बदललं. ती ओळ आता अशी आहे: 'गुंतुरचा ताप उतरला. आजपासून माझ्या लेकाला म्हणायचं.'

तिथे माझा हात चालेना.

घराण्याच्या रविवारच्या मेळाव्यात तुझी खुर्ची मांडायला बाबांनी सांगितलंय. फाइल शनिवारी बाराला जाईल. त्याआधी ये आणि ती एक जागा तू भर. तोवर मी तिला हात लावणार नाही.

तुझी, अजून चिडलेलीच,
वेनिंग