‘जाताना’नंतर स्वल्पविराम

रवि., २ नोव्हें.
कळंब–घोडेगाव–किसनतात्यांची पांद–जंगल–खिंड, जुन्नरच्या अंगाला उतरून परत. ८१ किमी. सात तास. सर नसते तर पाचात आलो असतो.

सर प्रत्येक वाडीत सायकलवरून उतरतात. रामराम घालतात, शेतांमधल्या पांदीतून जाऊ का विचारतात, पाणी पितात, शाळेच्या फलकावरचे ऱ्हस्व-दीर्घ बघून हळहळतात. वय सदुसष्ट. नववीत आम्हाला मराठी शिकवायचे. निवृत्त झाले, तास काही संपला नाही. या वाटा मला त्यांनीच दाखवल्या, कबूल. पण चढ-उतार मोजून ट्रॅक बनवला मी. पुण्याचा ग्रुप सोळा तारखेला येतोय तो माझा ट्रॅक बघून.

खिंडीत बसलो होतो. लांब खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिशा दिसत होत्या. सर म्हणाले, "सोळाला मी पुढे राहीन. वाट माझी आहे." मी केळं खाल्लं.

मंगळ., ४ नोव्हें.
ग्रुपवर रूटची माहिती टाकली. दुकान सांभाळून दोन तास लिहीत होतो. कुठे खडी, कुठे माती, पाणी कुठे भरायचं, सगळं. पुणेकरांचे अंगठे आले. मग सर: "खिंडित नव्हे, खिंडीत. जंगलातुन नव्हे, जंगलातून. ‘उतार डेंजर आहे’ हे मराठी नाही." त्याखाली हसणारी तोंडं. अकरा.

नववीत माझा निबंध सरांनी वर्गात मोठ्यानं वाचला होता, चुका जशाच्या तशा उच्चारून. विषय ‘माझी आई’. आई जाऊन दोन महिने झाले होते. मी ‘आठवन’ लिहिलं होतं. सर म्हणाले, ज्याला न आणि ण कळत नाही त्यानं आठवण काढू नये. वर्ग हसला. सरही हसले.

आज पंचक्रोशीत कुणाची पाण्याची मोटार जळली की माझ्याकडे येते. लोक भाऊ म्हणतात. आणि अकरा तोंडं.

बुध., ५ नोव्हें.
ग्रुपवर नियम टाकला. सुरक्षेचं कारण दिलं. खिंडीत साडेनऊच्या आत पोचेल तोच पुढे जाईल, बाकीच्यांनी तिथून परत फिरायचं. सर दहाच्या आत पोचत नाहीत, मला पक्कं ठाऊक आहे. नियम करताना दुसऱ्या कुणाचाही विचार केला नव्हता. बरं वाटलं. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

सरांचं उत्तर: "नियम योग्य. शनिवारी एकटा जाऊन वेळ लावून बघतो." चूक काढली नाही. म्हणजे लागलं.

शुक्र., ७ नोव्हें.
किसनतात्यांची मोटार भरून झाली होती, जोडून द्यायला गेलो. तात्या चिडलेले. "भाऊ, सायकली परवडल्या. तुमचा त्यो ट्रॅक बघून आता फटफट्या येत्यात. गाय दावं तोडून पळाली, दोन दिस दूध न्हाई. म्या चर मारलाय."

बघायला गेलो. पांदीनं आलं की आधी कालव्याची चारी लागते, तिच्यावर फरशी. मग तात्यांचं घर. घरापुढे करंजांच्या सावलीतला उतार. उताराच्या पोटात, जिथे सायकल सगळ्यात जोरात असते, बरोबर तिथे चर. आडवा, मांडीएवढा खोल. माती पलीकडच्या शेतात टाकलेली, त्यामुळे वरून येताना काही म्हणजे काही दिसत नाही.

"काटं टाकतो कडंला, उद्या दुपारपातुर," तात्या म्हणाले. "तवर तुमच्या लोकांना तेवढं सांगा. सरांना तर आदी सांगा."

संध्याकाळी दुकानातून सरांना मेसेज केला: ‘सर उद्या जाताना तात्यांच्या तिथे चारी आहे जपून.’ चर लिहिलं होतं, फोननं चारी केलं. पाठवल्यावर दिसलं. सुधारायला बोट टेकवलंच होतं, तेवढ्यात उत्तर आलं.

"‘जाताना’नंतर स्वल्पविराम."

फोन काउंटरवर पालथा ठेवला. म्हटलं, मराठीचे मास्तर ना, शब्दाची चूक काढा आता स्वतःच. शटर ओढलं आणि घरी आलो.

शनि., ८ नोव्हें.
सकाळी सातला त्या चुकलेल्या शब्दाची आठवण झाली होती. हे इथे तरी लिहितो. फोन करता आला असता. चहा घेतला. म्हटलं, सर कुणालाही विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत, तात्या सांगतीलच.

सव्वानऊला तात्यांचा फोन. "भाऊ, सर चरात पडल्यात. उठंनात."

पोचलो तेव्हा तात्या आणि त्यांची सून सरांना गोधडीत घालून पिकअपमध्ये ठेवत होते. खुबा मोडलाय. तोंड रक्तानं भरलेलं. समोरचे दात गेले.

तात्या सारखं एकच सांगत होते. "सर कवा न थांबता जायाचे न्हाईत. आज घड्याळाकडं बोट दाखवलं अन् गेले. म्या वरडलो, सर, सर, थांबा. हात हालवला निस्ता."

थांबले नाहीत, कारण साडेनऊ. साडेनऊ मी ठरवले होते.

सोम., १० नोव्हें.
मंचरच्या दवाखान्यात. ऑपरेशन झालं. सरांना दात नाहीत त्यामुळे स, श आणि ष एकसारखेच फ होतात. नर्सला म्हणाले, "फिफ्टर, पाणी." मला हसू आलं. खरंच आलं. रुमाल तोंडाला लावून बाहेर गेलो, तिथे कुणाला वाटलं रडतोय, पाणी आणून दिलं. ते प्यायलो.

परत आत गेलो. सर छताकडे बघत म्हणाले, "तुझा मेफेज वाचला होता. चारीला उतरलो. फायकल हातात धरून फरफीवरून चालत गेलो. दोन मिनिटं गेली त्यात. ती भरून काढायला मग..."

पुढे दम लागला. मी उशी नीट केली. नीटच होती ती.

बुध., १२ नोव्हें.
सरांची मुलगी मनीषा आलीय नाशिकहून. शाळेत माझ्या दोन वर्षं मागे होती. किसनतात्यांवर तक्रार करणार म्हणते. "कुणाला न सांगता रस्त्यात खड्डा खणतो म्हणजे काय? बाबा आता काठीशिवाय चालणार नाहीत. दादा, तुम्ही वाट ओळखता, जबाब तुम्ही द्या. शनिवारी अकराला पोलीस ठाण्यात." सरांच्या फोनमधला माझा मेसेज तिनं वाचलाय. मला म्हणाली, "तुम्ही बिचारे चारीलासुद्धा जपा म्हणून कळवलंत."

बिचारे. मी मान हलवली.

माझी सायकल पंक्चर काढायला घेतली आणि तशीच ठेवली. सरांची सायकल दुकानात आणून ठेवलीय. पुढचं चाक गेलं. हँडलच्या पिशवीत लाल पेन आणि राजगिऱ्याचे दोन लाडू निघाले. मी पुढे असलो की खिंडीत वाट बघत बसायचो, तेव्हा हाच लाडू मिळायचा. दर वेळी दोन. एक माझा. हे आतापर्यंत कधी लिहिलं नव्हतं.

गुरु., १३ नोव्हें.
तात्या दुकानात आले. बसले नाहीत. "भाऊ, म्या तुमाला सांगितलं व्हतं ना?"
"होय."
"तेवढंच सांगा ठाण्यात. मला दुसरं कायबी नको."
बघतो म्हणालो. तात्या वळले. जाताना म्हणाले, मोटार झ्याक चालतीय.

शुक्र., १४ नोव्हें.
ग्रुपवर विचारतायत, रविवारचं नक्की ना? साडेनऊचा नियम आहे ना? उत्तर दिलेलं नाही.

दुपारी दवाखान्यात गेलो. ठरवून गेलो होतो. मनीषा डबा आणायला गेली तेव्हा म्हटलं, "सर, तो मेसेज." सरांनी हात वर केला, वर्गात करायचे तसाच. "फांगू नकोफ. मीच गाढव. तुझी प्रत्येक ओळ मी तपाफतो. त्या दिवफी फ्वल्पविराम बघितला आणि फब्द तफाच घेतला. म्हटलं, एवढ्या वर्फांत पोराचा फब्द बरोबर आलाय."

डोळे मिटून घेतले त्यांनी. झोपले की नाही कळलं नाही. मनीषा डबा घेऊन आली, मी निघालो.

उद्या अकराला ठाण्यात जायचंय. तिथे अडखळायला नको म्हणून दुकानात बसून जबाब आधीच लिहायला घेतला, सरांच्याच लाल पेनानं, दुसरं चालत नव्हतं. ‘मी सरांना कळवले की, उद्या जाताना, तात्यांच्या तिथे’ इथपर्यंत झालंय. स्वल्पविराम दिले आहेत. पुढचा एक शब्द राहिलाय