हजेरीपटावरची त्रेपन्न मुलं

श्री मन्मथस्वामी प्रसन्न

तीर्थस्वरूप मल्लिनाथ दाजींना धाकट्या मेहुण्याचा, मन्मथचा, शरणार्थ.

अक्काचा गुडघा आता कसा आहे? कड्याला टँकर रोज येतो की तिथंही दिवसाआड? आमच्या वाडीत टँकर आला की भांडणं सुरू होतात आणि ती मिटेपर्यंत पाणी संपतं (म्हणून अलीकडे लोक आधीच भांडून घेतात). माझ्या बीडच्या बदलीचा अर्ज तुम्ही साहेबांच्या हाती दिलात की अजून तुमच्या कोटाच्या खिशात आहे, एवढंच विचारायला पत्र लिहिणार होतो. पण मध्ये इंगरबाई आल्या.

इंगरबाई डेन्मार्कच्या. (हा देश नकाशात शोधायला मला आणि आमच्या तात्याबा गुरुजींना अर्धा तास लागला. शेवटी तेलाच्या डागाखाली सापडला.) जूनपासून संक्रांतीपर्यंत फुकट शिकवायला त्यांना कुठल्याशा संस्थेनं पाठवलंय. सुखाचं घरदार सोडून, बिनपगारी, आमच्या दोनशिक्षकी शाळेत! आणि मी पगार घेऊनही इथून पळायच्या खटपटीत. पुण्यात तीन महिने मराठी शिकून आल्या, त्यामुळे रस्त्यातल्या म्हशीलाही ‘कृपया बाजूला व्हावे’ म्हणतात. आणि म्हैस होते, दाजी!

आता तुमच्यापासून काय लपवायचं? दसरा झाला की आमची वाडी गाड्या जुंपून तुमच्या कड्याच्या कारखान्यावर ऊसतोडीला निघते, पोरांसकट. पटावर बासष्ट, वर्गात नऊ. पट गळाला तर शाळा बंद होईल, या भीतीनं उरलेल्या त्रेपन्न जणांना मी अकरा वर्षं बसल्या जागी हजर मांडत आलो. (तात्याबा तर एवढे बारकाईचे, की खरं वाटावं म्हणून मधूनच दोघातिघांना ताप आणतात.)

यंदा इंगरबाईंनी हजेरीपट पाहिला, रिकामा वर्ग पाहिला, पुन्हा हजेरीपट पाहिला. मी म्हटलं, मेलो. पण गुरुजींनी सहीनिशी लिहिलेलं खोटं असेल, ही शंकाच बाईंच्या मनात आली नाही. मुलं हजर आहेत, म्हणजे आपल्या शाळेची दुसरी जागा असणार, असं त्यांनी धरून टाकलं. ती कुठं आहे म्हणून मला विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, कड्याला.

दुसऱ्या दिवशी मुकादम बद्रीनाथ धापा टाकत दारात. "गुर्जी, शेवटच्या गाडीवर बाई बसल्यात. उतरा म्हनलं तर मलाच ‘कृपया निघावे’ म्हनत्यात. आमी काय करावं?" मी चपला घालेपर्यंत गाडी निघाली.

तेव्हापासून दर आठवड्याला जवळच्या युसूफ वडगाव गावच्या बाजारात ट्रकवाल्याच्या हाती त्यांची चिठ्ठी येते. त्रेपन्न नावं, पुढं रोजची हजेरी. मी ती पटावर उतरवतो. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझा पट खरा झाला.

गेल्या रविवारी कड्याला येऊन डोळ्यांनी पाहिलं. (तुमच्या घरी आलो नाही, रागावू नका. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.) ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या-झोपड्यांमागं बाभळीखाली शाळा. मोठ्या मुली भावंडं सांभाळतात म्हणून शिकत नाहीत, असं मी दरसाल अहवालात लिहितो. बाईंनी फांद्यांना ओळीनं झोळ्या बांधल्यात आणि झोळीची दोरी पोरीच्या पायाच्या अंगठ्याला. पोरगी पाटीवर लिहिते, अंगठा हलतो, बाळ झोपतं. एवढी साधी गोष्ट, आणि मला अकरा वर्षांत सुचली नव्हती!

छबुबाईची चंद्रभागा उठली आणि समोरच्या ट्रकवर लिहिलेलं सगळं धडाधडा वाचून मोकळी झाली. तीन वर्षं तिचं नाव मी रोज लिहितोय, वाचतानाचा आवाज त्या दिवशी ऐकला. वाचून झाल्यावर मलाच म्हणाली, "गुर्जी, तुमी हितं कावून आलाव?" लाज वाटली, दाजी, आणि खरं सांगतो, आनंदही झाला.

संक्रांतीला बाई परत जातील. मग झोळ्या सुटतील, पाट्या कोपीत पडतील आणि ती त्रेपन्न मुलं पुन्हा नुसती माझ्या पटावर उरतील. या विचारानं जेवण गोड लागत नाही.

अक्काला शरणार्थ, मुलांना आशीर्वाद.

आपला
मन्मथ

ता. क. : बदलीचा अर्ज दिला नसेल तर फाडून टाका. दिला असेल तर मेहुण्याला वेड लागलंय असं सांगून परत मागा. ज्यांनी मला पाहिलंय त्यांना पटेल.

ता. क. दुसरा : खरं काम हे. कारखान्याच्या संचालक मंडळींत तुमची उठबस आहे. गोदामामागचं पत्र्याचं शेड हंगामापुरतं मुलांना मिळवून द्या. झोळ्या बांधायला त्याला वर लोखंडी आडवे बार आहेत, मी पाहून ठेवलेत.

ता. क. तिसरा : हे पत्र पोचेल तेव्हा मीही बाभळीखाली पोचलेला असेन. बाई जायच्या आत शिकून घ्यायला हवं. वाडीतली नऊ मुलं तात्याबांच्या हवाली केलीत. ते म्हणाले, "तुमी जावा, मी तुमाला हजर मांडतो की!" मी नको म्हटलं आणि शिक्षकांच्या हजेरीत स्वतःच्या नावापुढं माझ्याच हातानं ‘गैरहजर’ लिहिलं. शिकवायलाच निघालोय, म्हणजे ही नोंदही खोटीच. पण दाजी, ही शेवटची.