तीन लाथांची कडी

४ मार्च २०१८

वरणात मीठ कमी पडलं. बिसनलालनं वाटी तोंडावर फेकली, मग केस धरून डोकं ओट्यावर आपटलं. पिऊन नव्हता — पीतच नाही. राइस मिलमध्ये मुकादम आहे. तिथं हमालांवर हात टाकता येत नाही, तो घरी टाकतो. लग्नाले चोवीस वर्षं झाली, हेच.

मागच्या खोलीले आतून कडी पाहिजे. बाजारातून आणली तर दुकानदार त्यालेच सांगन. मोबाइलवरून मागवते.

६ मार्च

मागवायचं नीतूनं शिकवलं, लग्न होऊन सालेकसाले सासरी जायच्या आधी. "आई, जाणकाराचं नको ऐकू. ज्यानं वापरलं त्याचं ऐक."

एका जाणकाराचा व्हिडिओ पाहिला. इस्त्रीचा शर्ट. कडीवर हातोडा मारला, चाळीस किलो वजन टांगलं, दहापैकी नऊ गुण दिले. गिऱ्हाइकांचे शेरे वेगळे — "दिसायला छान", "फिटिंग सोपी". आणि एका बाईचा, एकच तारा: "तिसऱ्या लाथेत निघाली."

स्वतःच्या दाराले लाथ कोण मारते, म्हणून लोक खाली हसले आहेत. मले हसू नाही आलं. पण नऊ गुण म्हणजे नऊ गुण. मागवली.

११ मार्च

शेजारच्या अल्कानं ड्रिल आणून बसवून दिली. "कुंताभाभी, आतून कायले पाहिजे?" म्हटलं, मांजर दार ढकलते. तिनं माझा सुजलेला गाल पाहिला न स्क्रू आणखी पिळले.

१२ मार्च

लावून पाहिली. लागते.

१५ मार्च

दुपारी पाळी सुटून आला. "मोबाइलात काऊन डोकं घालून राहिली?" पट्टा काढला. मी आत पळाली, कडी लावली.

"दरवाजा खोल!"

पहिली लाथ टिकली. दुसरीत चौकटीचा भुसा पडला. तिसरीत कडी निघाली. त्या बाईनं खरं लिहिलं होतं. जाणकाराच्या कडीवर हातोडा पडला, माझ्या कडीवर बिसनलाल.

पट्टा डोळ्याखाली बसला. डावं मनगट पिरगाळलं — मोडल्याचा आवाज मीच ऐकला. कडीचा फूटभर दांडा खाली पडला होता. उचलला न त्याच्या कपाळावर घातला. पुन्हा घातला. रक्त भिंतीवर उडालं. तो खाली बसला न आपल्या मेलेल्या मायले हाका मारून राहिला.

१८ मार्च

त्याले सात टाके, मले प्लास्टर. मिलमध्ये पडलो, म्हणून तो सांगते लोकांले. माझ्या अंगाले मात्र तीन दिवस हात नाही लावला.

एका हातानं शेरा लिहिला, नाव न देता: "दारावर दोन लाथा टिकते, तिसरीत निघते. काढून हातात धरली तर जास्त कामाची." तारे किती द्यावे समजेना. तीन दिले.

नीतूचा फोन आला. मी म्हटलं, न्हाणीत घसरली, हात मोडला. "तू कशी आहेस?" "बरी आहे आई." तिनं लगेच ठेवला.

२६ मार्च

माझ्या शेऱ्याखाली कोण्या बाईनं विचारलं — "ताई, मारल्यावर तो थांबला का?"

नाव तिनंही दिलं नव्हतं. तिचा फोटो मोठा करून पाहिला. हळदीची साडी. मीच काढलेला. माझी नीतू.

दांडा पिशवीत घातला. सालेकसाची गाडी साडेनऊले आहे.