चूक मॅगझिनची होती, सर

सर,

आज तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा ते जमलं नाही. तुमच्यासमोर उभी राहिले की हात आपोआप पाठीमागे जायचे आणि तोंडातून "हो सर" एवढंच निघायचं. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझेही केस पिकलेत, आणि तुम्ही जिथे आम्हाला शिकवलंत त्याच मातीच्या बांधासमोर दर रविवारी मी क्लबातल्या मुलामुलींना रायफल शिकवते. तेव्हा आता तुम्ही ऐकायचं.

चर्चमधली रविवारची मिस्सा आटपून तुम्ही थेट रेंजवर यायचात आणि सराव संपला की आम्हा दोघातिघांना भुईगावला घरी न्यायचात. तुमच्या मिसेस, आमच्या मावशी, चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापतायत, तुम्ही त्यांच्या पाठीमागच्या बाकावर, पुढ्यात वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर रायफलचा बोल्ट. मावशी वळून न बघताच म्हणतात, "ते तेलाचे हात भाकरीला लागले तर जेवायला नाही वाढणार." तुम्ही त्यांना तुमच्या बोलीत काहीतरी उत्तर देता, त्या हसतात, आणि आमच्याकडे वळलात की पुन्हा तुमची ती फौजेतली हिंदी मिसळलेली मराठी सुरू. श्वास कधी धरायचा, कधी सोडायचा, हे मी त्या स्वयंपाकघरात शिकले. रायफल दंडाला बांधायचा तुमचा कातडी पट्टा तुम्ही मला दिलात, तेव्हा मी तो उशाशी घेऊन झोपले होते. यातलं काहीही मी विसरलेले नाही. तुमचे उपकार आहेत, आणि तरीही भांडणार आहे.

भांडण तुमच्या त्या नियमाशी आहे. कुणाची गोळी अडकली, की तुम्ही त्याला उठवायचात, सगळ्यांकडे तोंड करून उभं करायचात आणि म्हणायचात, "रायफलवर ढकलायचं नाही. बोल, चूक माझी." ते म्हटल्याशिवाय रायफलला पुन्हा हात लावायचा नाही. आम्हाला ते फार थोर वाटायचं. निवड चाचणीच्या दिवशी माझी जलद फैर होती. एरवी एकेक गोळी हाताने भरतात, पण जलद फैरीला गोळ्यांनी भरलेलं मॅगझिन लावावंच लागतं. मी बोल्ट पुढे ढकलते आणि गोळीचं नाक खाली जाऊन नळीच्या तोंडाशी रुततं. ती काढते, पुन्हा ढकलते, पुन्हा तेच. वेळ संपतो. मी उठते, सगळ्यांकडे तोंड करते आणि म्हणते, "चूक माझी." तुम्ही पाठीवर थाप मारलीत. म्हणालात, "शाबास पोरी. याला म्हणतात हिंमत." निवड हुकली आणि तरी मी घरी आले ती ताठ मानेने. केवढी मूर्ख होते मी. त्यानंतर किती वर्षं मी माझ्या मनगटाला नावं ठेवली. माझं मनगट हिसका देतं, मला घाई सुटते, मी दबावात कच्ची आहे, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की शेवटी स्पर्धांत उतरणंच सोडून दिलं. ते मॅगझिन आता दाखवायला शिल्लक नाही. पण यंदा मी तेच दुखणं पुन्हा पाहिलं, आणि या वेळी नीट पाहिलं.

आपली जुनी मॅगझिन्स झिजली म्हणून क्लबच्या सेक्रेटरींनी यंदा नवी आणली. स्वस्तात मिळाली म्हणून स्वारी खूश होती. नव्या मॅगझिनवर पहिल्यांदा बसली ती नालासोपाऱ्याची एक मुलगी. सध्या आपल्याकडे तिच्यासारखा हात कुणाचा नाही, आणि संघातली एक जागा तिचीच होती. तिची गोळी अडकली. पुन्हा अडकली. सेक्रेटरी पुढे झाले. भिंतीवर तुमचा फोटो आहे, त्याला रोज ताजा हार असतो (तुम्ही मेणबत्तीवाले, पण तुम्हाला कोण विचारतो). फोटोकडे बोट दाखवून ते तिला म्हणाले, "सरांचा नियम माहितीये ना? बोल."

ती म्हणाली, "काका, मी काहीच चुकीचं नाही केलं. बोल्ट सरळ मारला, राऊंड खाली घुसला. जे मी केलं नाही ते मी नाही बोलणार."

"मग संघातही नाही जाणार," सेक्रेटरी म्हणाले.

सर, त्या वयात मला असं उत्तर सुचलं नव्हतं. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागून घेतली. मग मी ती सगळी मॅगझिन्स घरी नेली आणि तुमच्यासारखंच वर्तमानपत्र पसरून बसले. मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन कडा असतात, त्या गोळीला धरून ठेवतात. नव्यांमध्ये एक कड ताठ तर दुसरी फाकलेली. गोळ्यांना खालून वर रेटणारी पट्टी बोटाने दाबली की पुढच्या बाजूने झुकते आणि तिथेच बसून राहते, कारण स्प्रिंग अगदी मरतुकडी. एकात तर धातूचा कीसही निघाला. क्लबच्या कपाटात एक जुनं मॅगझिन अजून धड होतं, त्यावर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. उरलेल्यांना निळे ठिपके.

रविवारी रायफल तीच, गोळ्या त्याच खोक्यातल्या, बदलायचं फक्त मॅगझिन. मुलीने लाल ठिपका लावला आणि सगळ्या गोळ्या सुरळीत गेल्या. निळा लावला, अडकली. पुन्हा लाल, पुन्हा सुरळीत. मी म्हटलं, "आता सेक्रेटरी साहेबांनी निळा लावून बघावा." त्यांनाही हुरूप आला. आडवे झाले, बोल्ट मारला, आणि दुसरीच गोळी रुतली. मला वाटलं, झालं, आता डोळे उघडतील. ते सावकाश उठले, गुडघे झटकले, तुमच्या फोटोकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, "चूक माझी."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी टाळीसुद्धा वाजवली.

मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. डोळ्यांदेखत माल खराब निघाला होता, आणि ही शहाणी माणसं नम्रपणाचं कौतुक करत बसली होती. तुम्ही आम्हाला हे शिकवून गेलात, सर. स्वतःला दोष देण्यात एवढी गोडी लावलीत की दोष खरा कुठे आहे ते बघायची गरजच कुणाला उरली नाही. तुमचा हेतू चांगला होता, ते मला ठाऊक आहे. पण मॅगझिनच्या वाकड्या कडेला हेतू कळत नाही.

सेक्रेटरी मुलीला म्हणाले, "बघ, मी बोललो. आता तू." ती माझ्याकडे बघत होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सर शेवटी आजारी होते तेव्हा मला म्हणाले होते, माझ्या नियमात एक राहून गेलं. गोळी अडकली तर आधी मॅगझिन बदलून बघायचं, माणसाला मग उभं करायचं."

सेक्रेटरींचे डोळे भरून आले. "सर म्हणाले होते? मग आधी नाही का सांगायचं, मॅडम." नवी मॅगझिन्स त्याच दिवशी बाजूला काढली, मुलगी संघात गेली. सगळं झालं ते दोन मिनिटांत, आणि माझ्या लाल-निळ्या ठिपक्यांकडे कुणी पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही.

तुम्ही असलं काहीही म्हणाला नव्हतात. शेवटच्या दिवसांत तुम्ही मला भेटायलाही बोलावलं नव्हतं. मी धडधडीत खोटं बोलले, आणि त्याची माफी मागणार नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एवढं उघड लिहिते आहे. सेक्रेटरींनी ते वाक्य तुमच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय, शेवटी तुमचं नाव. रविवारी मुलं ते पाठ म्हणतात. मी मागे उभी राहून ऐकते, आणि खरं सांगायचं तर, दर वेळी वाटतं की तिथे माझं नाव असायला हवं होतं.