निरोगी माणसांच्या यादीतलं माझं रक्त

माय, फसवलं तू मले. परवा कळंबले मामाकडे गेलती, तर त्यानं तुही लोखंडी पेटी उघडली अन् लग्नातल्या शालूच्या घडीतून पिवळा पडलेला एक रिपोर्ट काढून माह्या हातात ठेवला. म्हणे, "आता तुलेच समजते ह्यातलं." समजते न! यवतमाळच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर तेच तर पाहते. रोगापासून वाचवणारी प्रतिपिंडं आपल्याच डीएनएवर उठतात, अन् सूक्ष्मदर्शकाखाली त्यायची खूण हिरवी चमकते. तुह्या रिपोर्टवर तेच लिहिलं होतं, ल्युपस. अन् मले काय सांगे तू? "वात आहे वं, जरा तेल लाव."

अजून डोळ्यांसमोर येते, मी तुहे गुडघे चोळत बसली आहे. तुह्या दोन्ही गालांवर लाल चट्टा आहे, अन् तू म्हणून राह्यली, "कापूस वेचताना ऊन लागलं." मंग तुहं तोंड फुगलं, तेव्हा मी हसली होती, "माय, तुह्या तोंडाची तर पुरी झाली वं!" ते ह्या आजाराच्या गोळ्यांनी फुगलं हे मले काय माहीत? मामा सांगे, मले पाहाले पाहुणे येणार म्हणून महिनाभर आधी तू गोळ्याच बंद केल्या. कोणी विचारलं नाही पाहिजे, "मायले काय झालं? पोरीले तर नाही न?" तोंडाची सूज उतरली, माहं लग्न जमलं, अन् दिवाळीच्या आत तुह्या किडन्या गेल्या. मले काहून नाही विचारलं? म्हटलं असतं, जाऊ दे चुलीत ते स्थळ! माह्यासाठी मेली तू, अन् मलेच पत्ता नाही. लय राग येते माय, अन् भांडाले तू नाहीस.

संशोधनात रोग्यांच्या रक्ताशी ताडून पाहाले निरोगी माणसांचंही रक्त लागते. आम्ही कामावरच्यांनीच ते दिलं. फॉर्मवर विचारलं होतं, घरात कोणाले हा आजार होता का? मी ठासून 'नाही' लिहिलं. दुसऱ्यानं असं लपवलं तर मी त्याले झापते. आता ते खोडून माह्या रक्ताची बाटली यादीतून काढाले सांगायची आहे. माह्या पोरीलेही सांगायचं आहे, सकाळी तिची बोटं दुखतात.

पण रविवारी तिले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. फॉर्म अजून तसाच आहे. तुहा रिपोर्ट अन् हे पत्र, दोन्ही मी माह्या शालूच्या घडीत ठेवले आहेत.