अण्णांच्या उरलेल्या गोळ्या

९ जानेवारी ५३, शुक्रवार

आत्याचे यजमान अण्णा जाऊन चार महिने झाले. माणूस गेला, दुखणं घरातच राहिलंय — डालड्याच्या डब्यात. आज आत्याने तो फळीवरून काढून मला पुसायला लावला. बिनकामाच्या भाच्याचा एवढा तरी उपयोग! मोहन्याच्या दुकानातलं काम मी लागल्यापासून अकराव्या दिवशी सोडलं, ते अजून तिच्या घशाखाली उतरत नाही.

डब्यात काय नाही? मिक्श्चरच्या बाटल्या, कडेला डोसांच्या खुणांची कागदी पट्टी, ती झुरळांनी कुरतडलेली. पुड्या. मलम — त्याला मलमाचा सोडून बाकी सगळे वास येतात. आणि एक तपकिरी बाटली, तिच्यात अण्णांच्या छातीच्या गोळ्या. पांढऱ्या, बारीक.

म्हटलं, माणूस नाही तर औषध कशाला? फेकून देतो.

"औषध टाकू नये रे त्र्यंबका. अन्नासारखं असतं ते."

मिक्श्चरवर बुरशी आलेली. खरंच अन्नासारखं!

११ जानेवारी, रविवार

आत्याचा दवाखाना सुरू. समोरच्या मास्तरांना खोकला — घ्या अण्णांचं मिक्श्चर. ठमाबाईचे गुडघे — घ्या अण्णांचं मलम. अण्णांचे गुडघे शेवटपर्यंत दुखत होते, हे कुणी विचारत नाही. डॉक्टर नुसती नाडी बघतो. आत्या नाडीबरोबर सून, सासू, शेजार सगळंच बघते.

संध्याकाळी गोदा आली. माजिवड्याची, मिठागरावरच्या धाकूची बायको. आत्याला दरसाल खडेमीठ तीच आणून देते. धाकूच्या छातीत धडधडतं, दोन पाट्या उचलल्या की खाली बसतो म्हणाली. मिठाचा हंगाम आता कुठे सुरू झालाय, आणि घरात कमावणारा तो एकटा.

"काकी, अन्नांनाबी असाच व्हायचा ना?"

झालं! तपकिरी बाटलीतल्या मूठभर गोळ्या कागदात बांधून दिल्या. रोज सकाळी एक. गोदा गेल्यावर मी विचारलं, दोघांचं दुखणं एकच कशावरून? तर म्हणाली, छातीच ना शेवटी.

याला शास्त्र म्हणतात.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ भरपूर. गोड कुणी बोललं नाही.

१९ जानेवारी, सोमवार

धाकूला उतार आहे म्हणे. गोदा वालाच्या शेंगा ठेवून गेली. आत्या दिवसभर अशी वावरतेय, जशी कालच विलायतेहून डाक्तरीण होऊन आली!

दुपारी मला वाण्याकडे पाठवलं — "तांदूळ वाढलेत." वाढलेत तर आणू कशाला, असं विचारलं. मार थोडक्यात चुकला. या बाईच्या घरात काही संपत नाही, फुटत नाही, विझत नाही. नारळ वाढवायचा, दिवा वाढवायचा, बांगडी पिचली तरी ती वाढली. अशुभ बोलायचं नाही म्हणून सगळं वाढतंच. मी तिची नक्कल बरी करतो. मान जराशी तिरकी, पदर मुठीत, डोळे अर्धे मिटलेले — "त्र्यंबका, माझा धीर वाढला हो." नळावर बायका हसून हसून लोळल्या.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज आत्या डबा घेऊन अण्णांच्या डॉक्टरकडे गेली. उरलेली औषधं गरिबांना वाटा म्हणायला! मी बाहेर मुंगूसवाल्याचा खेळ बघत होतो. मुंगूस बाहेर येईना, आत्या आली — चेहरा पांढराफटक.

डॉक्टरने झाडलं तिला. ह्या छातीच्या गोळ्या ज्याच्या त्याला मापून देतात, म्हणाला. एकाला तारतात, दुसऱ्याला झोपवतात कायमचं. सगळं आजच्या आज नष्ट करा. गल्लीत टाकू नका, शेळ्या-पोरं तोंडात घालतील. तळ्यात नको, विहिरीत नको. गोळ्या कुटा, राखेत कालवा आणि लांब खोल खड्ड्यात पुरा.

आत्याने डबा माझ्या हातात दिला. आधी माजिवड्याला जा, म्हणाली, आणि गोदाला सांग — धाकूच्या गोळ्या वाढवा. पळ.

पळालो. वाटेत एक लॉरी खड्ड्यात रुतलेली. तिला धक्का मारला, ड्रायव्हरने वर घेतलं, माजिवडं मागे टाकून पार पाटलीपाड्यापर्यंत फुकट हवा खाल्ली. मग उलटा माजिवड्याला चालत. निरोप दिला. गोदा हसली, बरं म्हणाली.

खाडीच्या अलीकडे खड्डा करून डबा पुरला. कुटायला दगड मिळाला नाही — म्हणजे शोधला नाही. तपकिरी बाटली तेवढी खिशात ठेवली. छान आहे, डोक्याच्या तेलाला होईल.

२७ जानेवारी, मंगळवार

मिठागरावर भटकून आलो. धाकू बांधावर बसलेला, भाकर तशीच. जेवण जात नाही म्हणाला. मिठाच्या ढिगाकडे बघत बसला, मग हळूच — "मना मीठ पिवला दिसतंय रे."

मी म्हटलं, मग हळद म्हणून विक! सगळे हसले. धाकूसुद्धा हसला. मग उठून बांधामागे जाऊन ओकला.

२९ जानेवारी, गुरुवार

धाकू पडला. मी माजिवड्याच्या नाक्यावर होतो. बैलगाडी समोरून गेली, आत धाकू, ओठ निळे. गोदा त्याचं डोकं मांडीवर घेऊन. मी मागून धावत सरकारी इस्पितळात.

डॉक्टर तरुण होता. काय खाल्लं, विचारलं.

गोदाने कागद दाखवला. कागद रिकामा.

"रोज किती?"

"पैला एक. मंग काकींचा निरोप आला, वारवा. म्हनून दोन. तरी बरा वाटंना, मंग तीन."

निरोप मीच नेला होता. वाढवा म्हणजे आवरा, आमच्या घरच्या भाषेत. गोदाच्या घरी वाढवा म्हणजे वाढवा. कुणाच्याही घरी!

कसल्या गोळ्या, डॉक्टर ओरडला, बाटली कुठाय, नाव सांगा. गोदाने पुन्हा तोच रिकामा कागद पुढे केला. मी खिशात हात घातला. बाटली अजून तिथेच, तेल भरायचं राहून गेलेलं. तळाला चार गोळ्या, लेबल शाबूत. त्याने ते एकदा वाचलं आणि आत धावला.

३१ जानेवारी, शनिवार

धाकू शुद्धीवर आहे. भात मागितला. डॉक्टर म्हणाला, पिवळं दिसणं, ओकणं, सगळं त्या जादा गोळ्यांचं; बाटली मिळाली म्हणून नेमकं कळलं, नाहीतर अंधारात चाचपडत बसलो असतो. हंगामभर मात्र पाटी उचलायची नाही. गोदा एकटी उचलणार.

गोदाने माझे पाय धरले. मास्तरांनी पाठ थोपटली — वाया गेलेला म्हणत होतो आपण, बघा! तेलाच्या लोभाने ठेवलेली बाटली. मी सांगितलं नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

गल्लीला नवीन विषय. हौसाबाईने, म्हणजे आमच्या आत्याने, माणूस मारलाच होता, भाच्याने वाचवला. ठमाबाई मलमाची डबी दारात ठेवून गेली, आत न येता. पंधरा दिवस चोळलं तेव्हा विष नव्हतं ते! मास्तर म्हणतात, म्हाताऱ्या बायकांची भाषाच घातकी.

आत्या दुपारी माजिवड्याला गेलेली, चालत. गोदा तिला दारातच म्हणाली, काकी, शब्द तरी बघून वापरायचा. आत्या हात जोडून परत आली. मला विचारलं, मी नक्की तसंच म्हणाले होते का रे? मी हो म्हटलं. ती म्हणाली, "म्हटलं असेल. जिभेला वळणच आहे तसं."

आज देवापुढचा नारळ "फोडला" म्हणाली. दोनदा अडखळून.

३ फेब्रुवारी

तेवीस तारखेचं खोटं लिहिलंय. आत्या म्हणाली होती, "गोळ्या बंद करा म्हणावं." घाबरलेली होती, शुभ-अशुभ काही सुचलंच नाही तिला. 'वाढवा' मी म्हणालो, गोदाच्या दारात — मान तिरकी, पदर मुठीत. गोदा हसावी म्हणून.