पुढच्या चाकाचा ब्रेक

३ डिसेंबर

मोटरसायकलचा पुढचा ब्रेक उरकला एकदाचा! लिव्हर दाबला की नुसता पोकळ आत जायचा. ऑइल चहासारखं काळपट झालेलं. कॅलिपर उतरवला, पिस्टन पुसून मागे ढकलले, पिनांना ग्रीस, डिस्कच्या चकतीला धरणारे नवे पॅड. नळीतली हवा काढण्यातच तास गेला. बायको स्यूलुआन दोनदा दारात येऊन गेली — "त्या चाकाशीच लग्न करायचं होतंस. भात गार झाला."

संध्याकाळी स्वतः बंदरापर्यंत जाऊन आलो. उतारावर दोन बोटांत धरतो. उद्या पहाटे आमचा पोरगा योंगसिंग मासेमारीच्या बोटीवर जाताना हीच गाडी नेणार.

४ डिसेंबर

योंगसिंग उतारावर पडला. गाडी थांबलीच नाही, सरळ धक्क्याच्या भिंतीवर गेली. मांडीचं हाड मोडलंय.

६ डिसेंबर

मागोंगच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. आत सळई घातली. डॉक्टर म्हणतात, चालायला लागेल. पण हलत्या बोटीवर उभा राहील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. सव्वीस वर्षांचं पोरगं.

स्यूलुआनने सगळ्यांदेखत विचारलं, "मेकॅनिककडे का नाही दिलीस? स्वतःला फार शहाणा समजतोस." त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

९ डिसेंबर

वारा थांबत नाही. खिडकीच्या काचेवर मिठाचा थर. स्यूलुआन तेलाचं फडकं घेऊन घरभर फिरते — कडी, कात्री, गळ, शिवणयंत्र. हिवाळ्यात आमच्या बेटावर घरोघरी हेच. चार दिवस हात फिरला नाही तर सगळ्याला गंज. माझे पान्हेही पुसून जागच्या जागी ठेवले तिने.

१५ डिसेंबर

शेजारच्या चिनफाने गाडी टेम्पोतून आणून टाकली होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. आज धीर करून उघडली.

लिव्हर घट्ट. गळती नाही, हवा नाही. दोन्ही पिस्टन सरकतात. मग पॅड काढले — काळे, चकचकीत. नाकाशी नेले. तेल!

ग्रीसचे हात धुतले होते ना मी? आठवत नाही. तसेच लागले असतील. पण मग आदल्या संध्याकाळी ब्रेक धरला कसा? चिनफा म्हणतो, "सोड रे. उतारावर वाळू असते नेहमी." वाळू तेलकट नसते.

१८ डिसेंबर

योंगसिंगला सांगून टाकलं, "पॅडला माझ्या हातचं ग्रीस लागलं रे." तो म्हणाला, "बाबा, मीच जोरात होतो."

खोटं. उतारावर तो कधीच जोरात नसतो. इस्पितळाच्या जिन्यात बसून रडलो.

२१ डिसेंबर

आज वर्षातला सगळ्यात छोटा दिवस. स्यूलुआनने तांदळाचे गोड गोळे केले. माझी वाटी टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवून आपली खाल्ली.

देवळात कौल लावून आली म्हणे. चिनफाच्या बायकोला भिंतीपलीकडून सांगत होती — "विचारलं, नवऱ्याच्या हातून झालं का? लाकडाच्या दोन्ही फाकी तीनदा टाकल्या, तिन्ही वेळा उताण्या. म्हणजे ना हो, ना नाही. देवी नुसती हसते!" माझं नाव काढलं की देवीलाही हसू येतं.

२८ डिसेंबर

पुढच्या चाकाचा वाकलेला चिमटा सरळ करून आणला. डिस्क क्लीनरने धुतली, नवे पॅड घातले. हात साबणाने तीनदा धुतले, मगच पॅडला लावले. उतारावर चार वेळा दाबून पाहिला. धरतो. योंगसिंग परवा घरी येतोय. गाडी विकू नका म्हणाला.

२९ डिसेंबर

सकाळी बाहेर आलो तर स्यूलुआन गाडीपाशी उकिडवी बसलेली. हातात तेलाचं फडकं. डिस्क चकाकत होती.

तेवीस दिवसांनी बोलली, वर न बघता — "ही चकती तुला कधी दिसतच नाही. तेव्हाही पोरगं निघायच्या आधी मीच याच फडक्याने पुसली होती. एका रात्रीत तांबूस झालेली."

मी तिच्या हातातून फडकं घेतलं. म्हटलं, "गाडीचं सगळं मीच बघेन आता. तू हात लावू नकोस. त्या दिवशी चूक माझी झाली."

"कबूल केलंस एकदाचं," ती म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठली. "आत ये, चहा ओतते."

आधी डिस्क धुतली, मग गेलो. संध्याकाळी अंगणात देवाला वाहायचे कागद जाळायचे आहेत. त्यांच्यातच हे पान जाईल, तिच्या हाती लागायला नको.